गेरूच्या जिल्ह्यातली लाल भिंत

वसई पूर्वेच्या गोखिवऱ्यातल्या आमच्या घरातली बैठकीची खोली दहा बाय पंधरा फुटांची. खिडकी एकच, पूर्वेला. पाऊस उघडला की तिच्यातून तुंगारेश्वरचा डोंगर दिसतो. खिडकीसमोरची, म्हणजे सोफ्यामागची पश्चिमेची भिंत गडद लाल करायची असं आम्ही एका दिवाळीआधी ठरवलं. शेडकार्डावरचा अंगठ्याएवढा चौकोन डाळिंबाच्या दाण्यासारखा दिसत होता. दुकानातल्या मशीनने डब्यात रंगाच्या चिळकांड्या सोडल्या, डबा गदागदा हलवला, झाकण उघडलं तर आतला रंगही तसाच रसरशीत. पण भिंतीवर पहिला हात फिरला आणि गुलाबी पट्टे उमटले. दुसऱ्या हातानेही ते झाकले गेले नाहीत. चौथ्या हाताला भिंत एकदाची एकसारखी झाली, आणि त्या रात्री दिवा लावला तर डाळिंब कुठेच नव्हतं. समोर जवळजवळ काळपट तपकिरी पडदा उभा होता. सासूबाई बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "भिंत पुढं सरकल्यासारखी वाटतेय गं."

पट्टे का पडले, रात्री रंग का मेला आणि भिंत पुढे का सरकली, हे तीन प्रश्न माझ्या डोक्यातून गेले नाहीत. पेंटरचा हात चांगला होता, रंगही नावाजलेला होता. चूक आमच्या समजुतीत होती. गडद लाल हा बाकीच्या रंगांसारखा वागत नाही, आणि तो कसा वागतो हे आमच्याच पालघर जिल्ह्यातल्या कुडाच्या घरांना फार पूर्वीपासून माहीत होतं.

आधी पट्ट्यांचं बघू. दुकानातलं मशीन रंग बनवत नाही, ते फक्त बेसमध्ये रंगद्रव्य मिसळतं. फिकट शेडचा बेस टायटॅनियम डायऑक्साइड या पांढऱ्या भुकटीने गच्च भरलेला असतो. खालची भिंत झाकण्याचं काम तीच करते. गडद लालसाठी असा बेस चालत नाही, कारण पांढऱ्यात कितीही लाल घातला तरी हाती गुलाबीच लागतो. म्हणून गडद शेडचा बेस जवळजवळ पारदर्शक ठेवतात. त्यात पडणारी चमकदार लाल रंगद्रव्यं बहुतेक सेंद्रिय रसायनांची, अतिशय बारीक कणांची आणि स्वतःही बरीचशी पारदर्शक असतात. म्हणजे भिंतीवर बसतो तो लाल काचेसारखा पातळ थर. उजेड त्यातून आत जातो, खालच्या पांढऱ्या पुट्टीवर आपटतो आणि परत येतो. रोलर जिथे हलका पडला तिथे गुलाबी, जिथे जड पडला तिथे लाल. पांढऱ्या प्रायमरवर हा खेळ तीन हातांनंतरही पूर्ण थांबत नाही. त्यावर उपाय सोपा आहे, पण तो आधी करायचा असतो. प्रायमरमध्ये राखाडी किंवा विटकरी टिंट टाकून घ्यायचा. खालून पांढरा उजेड परत आलाच नाही तर पट्टे दिसणारच नाहीत, आणि चारऐवजी दोन हातांत काम होतं.

आता घरातून थोडं बाहेर पडू. वसई पूर्वेला स्टेशनकडून महामार्गाकडे जाताना दोन्ही बाजूंना फॅब्रिकेशनचे गाळे लागतात. दारात ग्रिल, जिने, लोखंडी चौकटी रांगेने उभ्या, आणि सगळ्यांच्या अंगावर एकच विटकरी लाल. कारागीर त्याला नुसतं 'रेड ऑक्साइड' म्हणतात. एकाच हातात लोखंड झाकलं जातं, पट्टा नाही की ठिपका नाही. हे लाल रंगद्रव्य म्हणजे लोहाचं ऑक्साइड. त्याची प्रकाश वळवण्याची ताकद टायटॅनियमच्या पांढऱ्यापेक्षाही जास्त आहे, शिवाय निळा आणि हिरवा उजेड ते आधाशासारखं शोषून घेतं. म्हणून ते झाकतंही उत्तम. आणखी एक गोष्ट, हा रंग उन्हाने विटत नाही. चमकदार सेंद्रिय लाल उन्हात फिका पडतो, कारण प्रकाश आणि हवा मिळून त्याचे रेणू मोडतात. लोहाच्या या ऑक्साइडमध्ये मोडायला काही उरलेलंच नसतं. लोखंडाला प्राणवायूने जे करायचं ते आधीच करून झालेलं असतं. अजिंठ्याच्या भिंतींवरचा लाल दीड हजार वर्षांनंतरही लाल दिसतो, त्यामागे हेच कारण आहे.

या रंगद्रव्याचं घरगुती नाव गेरू. कोकणात काव. सह्याद्रीचा काळा पाषाण लाव्ह्याचा, त्यात लोह भरपूर. पावसाने आणि उन्हाने तो कुजत गेला की विरघळणारं सगळं वाहून जातं आणि लोह मागे उरतं, गंजलेलं, लाल. जांभा तसाच तयार झाला, आणि घाटात रस्ता कापलेल्या ठिकाणी दोन काळ्या थरांमध्ये कधीकधी विटेसारखी तांबडी पट्टी दिसते तीही तशीच. पिवळी मातीही याच कुळातली. तिच्या कणांत पाणी बांधलेलं असतं. ती भाजली की पाणी निघून जातं आणि माती लाल होते. इटलीतल्या पॉम्पेईच्या घरांमधल्या ज्या लाल भिंतींची जगभर नक्कल झाली, त्यांतल्या काही मुळात पिवळ्या होत्या. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियस फुटला तेव्हाच्या उष्णतेने त्या भाजून लाल झाल्या. स्वीडनमधली लाल लाकडी घरं फालून इथल्या तांब्याच्या खाणीच्या टाकाऊ मातीने रंगवली जात, तेही लोहाचं ऑक्साइडच. तळकोकणात आणि गोव्यात तर यातून एक स्वतंत्र कला निघाली, कावी. ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर कावेचा लाल थर द्यायचा आणि तो कोरून खालचा पांढरा बाहेर काढायचा. जुन्या देवळांच्या भिंतींवर ती लाल-पांढरी वेलबुट्टी अजून दिसते.

पण मला सगळ्यात जास्त शिकवलं ते आपल्या जिल्ह्यातल्या वारली घरांनी. डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाड्याकडचं जुनं घर कुडाचं. कारवीच्या काठ्या उभ्या बांधायच्या, त्यावर माती आणि शेण लिंपायचं, वर गेरूचा हात द्यायचा. त्या गडद तांबड्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्याने लग्नाचा चौक लिहायचा, मधे पालघाट देवी. हे लिहिणं सवाशिणींचं, आणि विधी सांगणारी धवलेरी. पुढे 1970 नंतरच्या वर्षांत भास्कर कुलकर्णी यांनी या चित्रांकडे बाहेरच्या जगाचं लक्ष वेधलं आणि कागद-रंग वारल्यांच्या हाती दिले. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी त्या कागदावर नवं विश्व उभं केलं. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, 2018 मध्ये ते गेले. या चित्रांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. भिंतीबद्दल मात्र कमी. मला बोलायचंय ते भिंतीबद्दल.

चौक घराच्या आतल्या भिंतीवर असतो. तिथे खिडकी नसते, असली तर हातभर. उजेड येतो दारातून, कुडाच्या फटींतून, चुलीच्या जाळातून. एवढ्या अंधाऱ्या जागेत गडद लाल भिंत ठेवली तर ती काळोखात विरून जायला हवी. ती विरते, आणि ती विरते म्हणूनच तिच्यावरची पांढरी रेघ उजळते. गडद लालाला त्या घरात स्वतः चमकण्याचं काम दिलेलंच नाही. त्याचं काम मागे राहण्याचं, पांढऱ्याला पुढे आणण्याचं. शिवाय तो गेरू चकचकीत नसतो. शेणामातीच्या खरबरीत पोतावर बसलेला असतो, त्यामुळे त्याच्यावर कुठल्याही कोनातून उजेडाची तिरीप उठत नाही. आम्ही याच्या बरोबर उलट केलं होतं. गुळगुळीत पुट्टी, चमकदार फिनिश, मागे रिकामी लाल भिंत, आणि तिने एकटीने खोली सजवावी ही अपेक्षा.

रात्री रंग मरण्याचं कारण आता सांगते. डोळ्याच्या पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूच्या आकाराच्या पेशी रंग ओळखतात पण त्यांना भरपूर उजेड लागतो. दंडाच्या आकाराच्या पेशी मंद उजेडात काम करतात पण त्यांना रंग कळत नाही, आणि लाल प्रकाश तर त्यांना जवळजवळ दिसतच नाही. संध्याकाळ होऊ लागली की डोळ्याचा कारभार हळूहळू दंडपेशींकडे जातो आणि सगळ्यांत आधी लाल विझतो. अंगणातली जास्वंद तिन्हीसांजेला काळी दिसते आणि तिची पानं अजून हिरवट राखाडी दिसत असतात, ते यामुळे. चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी हा बदल एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशात नोंदवला आणि तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. खोलीत दिवा असताना आपण इतक्या अंधारात नसतो हे खरं, पण गडद लाल भिंतीचे कोपरे, सोफ्यामागची सावली, पडद्याआडचा भाग तिथे पोचतात.

दुसरं कारण दिव्यात आहे. आमच्या खोलीत पांढऱ्याशुभ्र एलईडी होत्या, 6500 केल्विनच्या. त्या प्रकाशात निळा भरपूर, लाल बेताचा. लाल भिंतीला परत पाठवायला लालच मिळाला नाही तर ती दाखवणार काय? यात एक बारकावा आहे, जो मला दुकानात कुणी सांगितला नाही. बल्बच्या खोक्यावर 'सीआरआय 80' असं छापलेलं असतं. रंग किती खरे दिसतील याचं हे माप. पण ते काढताना आठ फिकट रंगांचे नमुने वापरतात आणि त्यांची सरासरी घेतात. गडद लाल हा नववा नमुना, आर-नाइन, आणि तो सरासरीत धरलेलाच नसतो. म्हणून 80 गुण मिळवलेला बल्बही गडद लालाच्या बाबतीत पार नापास असू शकतो. लाल भिंतीच्या घरात 2700 ते 3000 केल्विनचा पिवळसर दिवा आणि सीआरआय 90 किंवा वर, एवढं बघून घ्यावं. आर-नाइनचा आकडा छापलेला सापडला तर तो 50 च्या वर असावा. आम्ही फक्त दिवे बदलले त्या रात्री तीच भिंत निम्म्याहून अधिक परत आली. त्यासाठी रंगाचा एक थेंबही लागला नाही.

तिसरी गोष्ट हिशेबाची. पांढरी भिंत तिच्यावर पडलेला सुमारे 80 टक्के उजेड परत खोलीत फेकते, गडद लाल जेमतेम 10 टक्के. आमची खोली दहा बाय पंधरा, उंची नऊ फूट. चार भिंती मिळून 450 चौरस फूट, छत 150, जमीन 150. छत पांढरं आणि लादी मध्यम उजळ, म्हणजे 50 टक्के परत फेकणारी धरली, आणि भिंतीवरून भिंतीवर आपटत राहणाऱ्या उजेडाचा ढोबळ हिशेब केला, तर चारही भिंती लाल केल्यावर खोलीतला एकूण उजेड पांढऱ्या खोलीच्या सुमारे दोन पंचमांश उरतो. दिवे तेवढेच, वीज तेवढीच, उजेड निम्म्याहूनही कमी. फक्त दहा फुटी एक भिंत लाल केली, म्हणजे 90 चौरस फूट, तर तीन चतुर्थांश उजेड शाबूत राहतो. वसई-विरारच्या बहुतेक इमारतींत खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत असते आणि दिवसाही दिवा लागतो. तिथे चार लाल भिंती करणं म्हणजे कायमचा पावसाळी दिवस विकत घेणं आहे. एक भिंत, तीही खिडकीच्या समोरची, जिच्यावर खिडकीतला उजेड थेट पडतो, एवढं आपल्या घरांना पुरतं. खिडकीच्याच भिंतीला गडद रंग देऊ नये. बाहेरच्या झगझगीत चौकोनाभोवती ती आणखी काळी दिसते आणि डोळे दुखतात.

सासूबाईंना भिंत सरकलेली दिसली तो भास खरा आहे. डोळ्याचं भिंग लाल आणि निळ्या प्रकाशाला सारखं वळवत नाही, त्यामुळे एकाच अंतरावरचा लाल अनेकांना जवळ वाटतो आणि निळा लांब. दहा फुटी भिंत पंधरा फूट लांबीच्या टोकाला असली तर हे पुढे येणं चांगलंच, लांबुडकी खोली आटोपशीर वाटते. तीच लाली लांबीच्या भिंतीला दिली तर खोलीचं बोळकांड होतं. आणि लाल भिंत आपला रंग स्वतःपुरता ठेवत नाही. पांढऱ्या छताच्या कडेला गुलाबी झाक येते, समोर बसलेल्याच्या पांढऱ्या सदऱ्यावरही येते. यामुळेच भिंतीवर उतरलेला रंग शेडकार्डापेक्षा नेहमी गडद आणि भडक वाटतो. कार्डावरचा चौकोन एकटा असतो, खोलीतल्या भिंती एकमेकींवर रंग टाकत असतात. म्हणून कार्ड बघून निवडूच नये. लहानातला लहान डबा आणावा, दोन फूट बाय दोन फुटांचा तुकडा भिंतीवर रंगवावा, आणि सकाळी, दुपारी, दिवा लावल्यावर असे दोन दिवस बघावा. मनात असलेल्या शेडपेक्षा एक पायरी मळकट, मातकट निवडली तर ती भिंतीवर नेमकी बसते.

लाल रंगाने भूक वाढते, राग येतो, लाल खोलीत भांडणं होतात, असं खूप ऐकायला मिळतं. भिंतीच्या रंगापुरतं बोलायचं तर त्यावर मी कधी विसंबणार नाही. वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या सामवेदी ख्रिस्ती घरांतल्या आज्या जन्मभर लाल लुगडं नेसल्या, आणि आपल्याकडच्या जुन्या घरांतल्या लाल कोब्यावर पिढ्या रांगल्या. लालाशी आपलं नातं जुनं आणि निवांत आहे.

वसईत मात्र एका शत्रूची गाठ पडतेच, तो म्हणजे ओल. आमची ती भिंत पश्चिमेची, समुद्राकडून येणारा पाऊस चार महिने झेलणारी. रंग दिल्यानंतरच्या पहिल्याच श्रावणात तिच्यावर खालच्या बाजूला पांढरी भुकटी फुलली. लोणा. सिमेंट-विटांमधले क्षार पाण्यात विरघळतात, ओलीबरोबर पृष्ठभागावर येतात, पाणी उडून जातं आणि क्षार उरतात. पांढऱ्या भिंतीवर हे वर्षभर कुणाच्या लक्षात येत नाही. गडद लालावर एका रात्रीत दिसतं. नुसतं पुसून वर रंगाचा हात मारला तर महिन्याभरात परत. आधी बाहेरच्या भिंतीच्या भेगा बुजवायच्या, सज्जाचा आणि पाइपाचा सांधा बघायचा, मग भिंतीला सुकायला वेळ द्यायचा. नवरात्रात पेंटर मिळत नाही म्हणून गणपती झाल्याझाल्या रंग काढण्याची घाई आपल्याकडे सगळेच करतात, आणि भिंत तेव्हा पोटात ओली असते. ती सुकली का हे कळायला जाड प्लास्टिकचा दोन फुटी तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर बंद करावा. एक दिवस-रात्र गेल्यावर आतून दव धरलं तर थांबायचं.

चमक कमीत कमी घ्यावी. पुट्टीची प्रत्येक लाट, पत्र्याचा प्रत्येक फटकारा चमकदार गडद रंगावर खिडकीच्या उजेडात उठून दिसतो. अगदी मॅट घेतला तर मुलांच्या दप्तराच्या, खुर्चीच्या पाठीच्या घासण्याने पांढुरक्या रेघा पडतात, म्हणून धुता येणारा मॅट मागावा आणि खुर्च्या चार बोटं पुढे ठेवाव्यात. त्याच डब्यातला पावशेर रंग घट्ट झाकणाच्या बरणीत तारीख घालून ठेवावा. मशीनवर तोच नंबर दुसऱ्यांदा काढला तर तो क्वचितच तंतोतंत जुळतो.

एक गोष्ट मात्र कळकळीची. घरात जुना लाल किंवा नारिंगी ऑइल पेंट असेल, दरवाज्याला, खिडकीला, कपाटाला, तर तो कोरडा घासू देऊ नका. त्या जुन्या रंगांत शिशाची संयुगं असायची. भारतात घरगुती रंगांतल्या शिशाची मर्यादा दशलक्षात 90 भाग ठरवणारे नियम 2016 चे, आणि ते लागू झाले 1 नोव्हेंबर 2017 पासून. त्याआधीच्या थराची धूळ लहान मुलांच्या मेंदूला इजा करते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. पाणी मारून ओला घासायला सांगा, मुलांना आणि गरोदर बाईला त्या दिवशी घरात ठेवू नका, आणि धूळ झाडूने न झाडता ओल्या फडक्याने पुसा.

आम्ही शेवटी ती भिंत पुन्हा केली. डाळिंबाचा हट्ट सोडला. बाहेरचा सांधा बुजवला, नोव्हेंबर अर्धा होऊ दिला, विटकरी प्रायमर घेतला आणि मशीनवर लोहाच्या ऑक्साइडचा जोर असलेली गेरूच्या कुळातली शेड काढली. दोन हातांत काम झालं. बाकीच्या तीन भिंती पांढऱ्या ठेवल्या, पण निळसर पांढऱ्या नव्हे, तांदळाच्या पिठासारख्या किंचित पिवळट. भिंतीवर वरून उतरणारा पिवळसर दिवा लावला. सकाळी सातला डोंगरावरून ऊन येतं तेव्हा ती भाजलेल्या मडक्यासारखी दिसते, रात्री शांत असते.

तिच्यावर पांढरं काही हवंच होतं. प्रिंटचे स्टिकर बाजारात ढिगाने मिळतात, आम्ही ते घेतले नाहीत. तुमचीही भिंत गेरूची होणार असेल तर एक विनंती आहे. लग्नाचा चौक शोभेसाठी काढून घेऊ नका, तो पूजेचा आहे. तारपा वाजवणाऱ्याभोवतीचा नाच, भातलावणी, ताडाची झाडं, पाखरं, एवढं अंगण मोकळं आहे. डहाणू, जव्हार, विक्रमगडकडचे वारली चित्रकार घरी येऊन भिंत लिहून देतात. त्यांना बोलवा, दिवसभर काम करायला जागा द्या, आणि सांगितलेले पैसे घासाघीस न करता द्या.